सिंधूच्या अंगठ्याचं नख

माझ्या धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मी एका छोट्या कैचीनं मोडलं. ही गोष्ट मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं कुणालाच सांगितली नाही. नातेवाइकांत त्या लग्नाचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो. (त्यामुळे मला मधुमेह आहे असा आमच्या नात्यात समज आहे. तोही मी खोडून काढलेला नाही.) आता वय असं झालं आहे की पाणी प्यायला उठणंही जड जातं. तेव्हा सांगूनच टाकतो.

शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल. आमचं गाव तुमसरपासून सायकलनं तासाभरावर. थोडी धानाची शेती, आणि बाकी दिवसभर घरोघरी बाया सुपात तेंदूची पानं आणि जर्दा घेऊन बिड्या बांधत बसलेल्या. बिडी वळणं कुणालाही शिकता येतं. मलाही येत होतं! खरी मेख शेवटी असते. बिडीचं तोंड बंद करायचं, म्हणजे पानाची कड आत दुमडून अशी दाबायची की जर्दा सांडता कामा नये. त्यासाठी कुणी टिनाचा तुकडा वापरी, तर कुणी अंगठ्याचं नख वाढवी. तोंड नीट बंद नसलं की कारखान्याचा तपासणारा ती बिडी ‘छाट’ म्हणून बाजूला फेकून देई.

माझी बहीण सिंधू नखवाली होती. आणि नख कसं? उजव्या अंगठ्याचं, बोटाच्या पुढे चांगलं पाव बोट आलेलं, टोकाला जरा गोल, घट्ट आणि पिवळसर. रोज आंघोळ झाली की ती त्याला खोबरेल तेल चोळायची आणि तळ्याच्या घाटावरच्या गुळगुळीत दगडावर हलक्या हातानं त्याचं टोक घासायची. त्या नखाखालून निघालेली एकही बिडी छाटीत जात नसे. आमच्या घरात माझ्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटपेक्षा त्या नखाला जास्त जपत.

“सिंधू, गंज-भांडे तू नको घासू. नख जाईन,” माय म्हणायची. “भाऊ घासते.”

भाऊ म्हणजे मी. मॅट्रिक पास!

त्यामुळे असेल, किंवा नसेल, पण मी नागपूरला निघून गेलो आणि एका कटलरीच्या दुकानात नोकरीला लागलो. बांगड्या, रिबिनी, स्नो, पावडर, असलं सगळं. तिथं लाल रेक्झिनची एक पेटी होती, आतून मखमली. त्यात एक कैची, एक कानस, एक हस्तिदंती दांडीची टोचणी, एक पुढून चपटी पळी आणि एक असं हत्यार, ज्याचा उपयोग मला आजही ठाऊक नाही. मालक त्याला ‘मॅनिक्युअर सेट’ म्हणत. दुकानात ती पेटी वर्षभर कुणी घेतली नव्हती. झाकणाच्या आत एका गोऱ्या बाईच्या हाताची सहा चित्रं होती. ती मी रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना पाहत असे. महिनाभरात माझी खात्री पटली, की नखं या विषयातलं मला सगळं समजतं.

दिवाळीनंतर गावाकडून पत्र आलं. सिंधूला पाहायला तुमसरचे लोक येणार. मुलगा राईस मिलमध्ये काट्यावर बसतो, पोत्यांची वजनं लिहितो. मी मालकाकडून ती पेटी चार दिवसांसाठी मागून घेतली, वर लाल नेलपॉलिशची एक बाटली उचलली आणि गुरुवारी सकाळी घरी थडकलो. मुलाकडचे लोक रविवारी यायचे होते.

माय-बाबा धान कापायला शेतावर गेले होते. सिंधू ओसरीत सुपाशी बसली होती. मी विचारलं, “पोरगा पाहिला काय तू?”

ती मान वर न करता म्हणाली, “मंडईच्या जत्रेत पाह्यला.”

“मग? काही बोलला?”

“बोलला ना.”

“काय?”

“‘बाजूला व्हा जी, बैल येऊन राह्यला.’”

“बस? एवढंच?”

“त्याचा आवाज चांगला हाय भाऊ,” सिंधू म्हणाली, आणि तिच्या हातातली बिडी तिनं दोनदा बांधली.

मला भरून आलं. एवढ्यावर जिचा जीव जडतो त्या बहिणीसाठी आपण काहीतरी केलंच पाहिजे, असं मला वाटलं. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं मला असं काहीतरी वाटल्यामुळेच आलेली आहेत.

“हात दाखव,” मी म्हटलं. “बाप्पा! हे काय हात आहेत? पिवळे जर्द! मिलमधले बाबू लोक ते. तुझ्या हाताकडे पाहून काय म्हणतील?”

मी तिचे हात कोमट साबणाच्या पाण्यात बुडवले (चित्र क्रमांक एक). कानशीनं नऊ नखं घासली (चित्र क्रमांक दोन). मग अंगठ्याची पाळी आली.

तिनं अंगठा मुठीत घेतला. “हे नको. याले हात नको लावू.”

“अवो, कापत नाही. टोक जरासं गोल करतो.”

“मायले विचारू दे.”

“मायले काय समजते? तुला तिथं काय बिड्या बांधायला जायचं आहे? नवरा काट्यावर बसतो तुझा! बाबूची बायको अशी राहते काय, वाघिणीसारखं नख घेऊन?”

‘नवरा’ या शब्दानं काम केलं. मूठ उघडली.

मी टोक गोल करायला घेतलं. डावी बाजू थोडी जास्त गेली, म्हणून उजवीकडून घेतलं. मग उजवी जास्त गेली. पुन्हा डावीकडून घेतलं. ज्यांनी स्वतःच्या मिशा कधी स्वतः सारख्या केल्या असतील त्यांना पुढचं सांगायला नको. पाच मिनिटांनी नख दोन्ही बाजूंनी अगदी सारखं झालं होतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी नव्हतंच!

सिंधूनं अंगठ्याच्या टोकावरून तर्जनी फिरवली, जसं पडलेल्या दाताच्या जागी लहान पोर जीभ फिरवतं.

मी घाईघाईनं चित्र क्रमांक चारवर गेलो. त्यात गोऱ्या बाईच्या नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी चपट्या पळीनं मागे सारलेली दाखवली होती. सिंधूची कातडी दिवसभर ओल्या पानांत काम करून मऊ पडून नखाला चिकटलेली. ती मागे सरेना, म्हणून मी ती कैचीनं कापली. जरा रक्त आलं. तीच कैची आदल्या दिवशी मी स्वतःच्या पायाच्या, चिखल्यांनी नासलेल्या बोटासाठी वापरली होती, हे मी इथं लिहून ठेवतो. (पुसली होती. शर्टाला.) मग दहाही नखांना लाल रंग लावला.

“कसं दिसते?” मी विचारलं.

“चांगलं दिसते,” सिंधू म्हणाली. पाहुण्या बाईच्या हाताकडे पाहावं तशी ती स्वतःच्या हाताकडे पाहत होती.

मग ती पुन्हा सुपाशी बसली. पहिली बिडी वळली, धागा बांधला, तोंड बंद करायला अंगठा टेकवला, आणि बिडी फुलासारखी उमलली. दुसरीही उमलली. तिसरीला शेजारणीचा टिनाचा तुकडा आणून पाहिला. तो घसरला आणि जर्दा थेट त्या ओल्या जखमेत गेला. तिनं एवढंच म्हटलं, “हाय माय!”

संध्याकाळी माय आली. तिनं आधी लाल रंग पाहिला आणि हसली. मग अंगठा पाहिला.

“नख कुठं गेलं वो?”

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं! पण माझ्याआधी सिंधू म्हणाली, “तुटलं.”

मी तोंड मिटलं. हे पहिल्यांदा.

शुक्रवारी अंगठा ठणकायला लागला. शनिवारी तो तळलेल्या बोंडासारखा फुगला आणि नखाच्या मुळाशी पू दिसू लागला. नखुरडं! मायनं हळद-चुन्याचा लेप दिला. शेजारणीनं लिंबाला भोक पाडून ते अंगठ्यात बसवून दिलं. बाबा म्हणाले, “कडुलिंबाचा पाला बांधा.” प्रत्येक येणारी बाई काहीतरी बांधून जाई. एकटा मी, म्हणजे नखं या विषयातला जाणकार, गप्प होतो. मी एवढंच सुचवलं, की तो लाल रंग तरी काढू. पण रंग काढायचं औषध मी आणलंच नव्हतं. रॉकेलनं निघतो असं कुठंतरी ऐकलं होतं. मी ते अंगठ्यावर वापरून पाहिलं. सिंधूची किंकाळी तळ्यापलीकडे गेली असावी, कारण तळ्यापलीकडची एक बाई काय झालं म्हणून विचारायला आली!

अशा रीतीनं रविवारी माझी बहीण नऊ लाल नखं आणि एक लिंबू घेऊन पाहुण्यांसमोर बसली.

मुलगा आला होता, त्याचा मामा होता आणि मुलाची आई होती. बाई वाळक्या, पण नजर अशी की धानातला खडा दाराबाहेरून ओळखावा. पोहे झाले, चहा झाला. मामांनी विचारलं, “स्वयंपाक येते काय बाई?” सिंधू म्हणाली, “येते जी.” मुलाला विचारलं, “तुले काही विचारायचं हाय?” त्यानं मान हलवली. पण तो सिंधूकडे पाहत होता, आणि सिंधू दुखऱ्या अंगठ्यासकट लाजत होती. सगळं इतकं छान चाललं होतं!

मग बाईंनी पिशवीतून फडकं काढलं. सोडलं. आत कापलेली पानं, जर्दा आणि धाग्याची रीळ.

“दोन बिड्या बांधून दाखव वो पोरी.”

मी चमकलो. बाबा मात्र चमकले नाहीत. आमच्याकडे ही रीतच होती, हे मी नागपूरला जाऊन विसरलो होतो! काट्यावर बसणारा एकटा. घरातल्या बाकी सगळ्या बाया सुपाशी बसणाऱ्या. त्या घराला सून हवी होती ती नखवाली. बाईंनी सिंधूची कीर्ती ऐकूनच तुमसरहून पाय उचलला होता!

“जी, तिले नखुरडं झालं,” माय म्हणाली.

“पाहू.” बाईंनी लिंबू काढलं. अंगठा उलटसुलट केला. “हे बरं होईन. पन नख कुठं हाय? आमी तं आयकलं का असं नख दहा गावांत नाही.”

बाबांनी मायकडे पाहिलं, मायनं सिंधूकडे. आणि सिंधूनं माझ्याकडे पाहिलं. ओरडून नाही, रागानं नाही. नुसतं पाहिलं. आता सांग, एवढंच त्या नजरेत होतं.

मी घसा साफ केला आणि बोललो. जे बोललो ते अक्षर न् अक्षर मला पाठ आहे.

“त्याचं असं आहे जी, आमच्या सिंधूला बिडी बांधणं आवडत नाही. तिनं स्वतःच नख कापून टाकलं. म्हणे, मला आता हे काम करायचंच नाही.”

मला वाटलं, यानं बहिणीचा भाव वाढला! दुकानात आम्ही असंच करायचो. गिऱ्हाईक पुढे आलं की माल जरा मागे ओढायचा.

बाईंनी फडकं शांतपणे बांधलं. “असं काय? मंग राहू द्या जी. मनात नसंल तं कोनावर जबरदस्ती कायले करायची? आमच्या घरी तं सकाळ झाली का सूप पुढं येते.”

मुलगा उठताना थांबला. त्यानं सिंधूला विचारलं, “खरं हाय काय हे?” (आवाज खरंच चांगला होता.)

तिनं नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तर भाऊ चारचौघांत खोटा पडला असता. नागपूरला नोकरी करणारा, मॅट्रिक पास भाऊ. ती खाली मान घालून बसून राहिली. लोक निघून गेले.

बाबा भडकले. माझ्यावर नाही. माझ्यावर का भडकतील? “तुले लगन नव्हतं करायचं तं तोंडानं बोलायचं होतं! नख कापून कायले बसली? बापाची मान खाली घालाले?”

सिंधू चुलीमागे गेली. मी पाठोपाठ गेलो. ती म्हणाली, “भाऊ, तू बाबाले सांगजो ना. ते तुयं आयकते.”

“सांगतो ना,” मी म्हटलं. “नक्की सांगतो. जरा शांत होऊ दे त्यांना.”

सोमवारी तिला ताप भरला, म्हणून मी तिला सायकलवर बसवून तुमसरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हातारे आणि तापट होते. त्यांनी अंगठा पाहिला आणि चष्मा काढला.

“हे कोणी केलं?”

सिंधू म्हणाली, “मीच.”

“अवो बाई, नखाच्या मुळाशी जी कातडी असते, ते नखाचं दार आहे. ते कापलं का घाण सरळ आत! कैची उकळली होती? नाही. दुसऱ्या कोणाच्या पायाले लावलेली तं नव्हती? आन् नख कापायचं तं सरळ कापायचं, मांसापर्यंत खोदायचं काय? पू झाल्यावर लिंबू लावून बसले! पहिल्याच दिवशी मिठाच्या गरम पाण्यात बोट शेकलं असतं न् माझ्याकडे आले असते, तं नख वाचलं असतं.”

आणि मी, तिचा सख्खा मोठा भाऊ, शेजारच्या स्टुलावर बसून म्हणालो, “हो ना डॉक्टरसाहेब! मी तिला किती वेळा सांगितलं!”

मला आजही कधी जेवताना हे वाक्य आठवतं, आणि घास तसाच ताटात राहतो.

डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. सिंधूनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं होतं. तिला घरी सोडलं, आणि बाबा शेतातून परतायच्या आत मी नागपूरची एसटी पकडली.

नख गेलं. पाच-सहा महिन्यांनी नवं आलं, पण मधोमध चर पडलेलं. वाढलं की त्या चरातून चिरे. सिंधूच्या बिड्या छाटीत जाऊ लागल्या. तुमसरच्या मुलाचं लग्न त्याच उन्हाळ्यात दुसरीकडे झालं. सिंधूचं त्यानंतर दोन वर्षांनी लाखांदूरकडे झालं, शेतकऱ्याच्या घरी. माणूस चांगला होता, जावईबापूंविरुद्ध माझी काही तक्रार नाही. पण रोवणीच्या दिवसांत चिखलात हात घातले की तिचा तो अंगठा दर पावसाळ्यात सुजायचा. आणि बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, “आमची सिंधू लय हट्टी. स्वतःच्या हातानं लगन मोडलं तिनं.” असं ते म्हणाले की मी पाणी प्यायला उठायचो.

माझ्यात एक बदल झाला, तो असा की दुकानात मी नखांच्या बाबतीत कीर्तनकार झालो. कोणी नेलकटर मागितलं की मी सुरू! “ताई, कातडी कापू नका. घरात प्रत्येकाचं वेगळं ठेवा. उकळत्या पाण्यातून काढून मगच वापरा. मधुमेह असेल तर जास्तच जपा. बोट सुजलं तर लिंबू लावून बसू नका, डॉक्टरांकडे जा.” गिऱ्हाईक घाबरून रिबीन घेऊन निघून जाई. मालक एकदा म्हणाले, “अरे, तू नेलकटर विकतो का बंदूक?” अख्ख्या नागपूरच्या बायांची नखं सांभाळायला मी तयार होतो. ज्या एका बाईला दोन शब्द सांगायचे होते, तिथं मात्र माझी जीभ उचलत नव्हती.

शेवटी, ऐंशीनंतर कधीतरी, मी पत्र लिहायचं ठरवलं. पत्रात समोर माणूस नसतो, ही माझ्यासारख्यांची मोठीच सोय! सहा अंतर्देशीय पत्रं फाडली. सातवं पेटीत टाकलं. मग महिना गेला, दोन गेले. उत्तर नाही. मनातल्या मनात सगळे अर्थ लावून झाले. शेवटी न राहवून लाखांदूरची एसटी धरली.

सिंधू अंगणात धान पाखडत होती. मला पाहून तिचा चेहरा इतका फुलला, की मला वाटलं, माफ केलं! सुटलो!

“भाऊ! बरं झालं आला तू. थांब.” ती आत गेली आणि डब्यातून माझं पत्र घेऊन आली. न फोडलेलं! “हे पाह्य, तुयं पत्र. पोस्टमन म्हणे, नागपूरचं हाय. म्हटलं, नागपूरचं म्हणजे माह्या भावाचंच.”

“मग... वाचलं नाहीस?”

“मले कुठं वाचता येते?”

“अगं, जावईबापूंना येतं ना!”

“येते ना. पन माह्या भावाचं पत्र दुसऱ्याच्या तोंडून कायले आयकू?” ती समोर मांडी घालून बसली आणि पत्र माझ्या हातात दिलं. “तूच वाच.”

मी पत्र फोडलं. माझंच अक्षर. पहिलीच ओळ. सिंधू हनुवटीखाली हात घेऊन ऐकायला बसलेली, आणि त्या हाताचा अंगठा माझ्या डोळ्यांसमोर.

मी वाचलं, “सौभाग्यवती सिंधू हिस अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. पाऊस चांगला झाला. मालकांच्या म्हशीला रेडकू झालं. तुझी वहिनी बरी आहे. तब्येतीला जप.”

सिंधूनं वाकून कागदाकडे पाहिलं. “बस? इतकं भरून लिहिलं, न् एवढंच?”

“अक्षर मोठं काढलं होतं.”

“पुन्हा एकदा वाच ना. मले बरं वाटलं.”

मी पुन्हा वाचलं. पण जे कागदावर नव्हतंच ते दुसऱ्यांदा तसंच्या तसं कसं येणार? “...इकडे पाऊस नाही. मालकांची म्हैस गाभण आहे...”

सिंधूनं माझ्याकडे पाहिलं. तेच, नुसतं पाहणं. मग म्हणाली, “बाई! तुमच्या नागपूरची म्हैस उलटी चालते काय भाऊ? आधी व्याली, न् आता गाभण?”

मी हसलो. तीही हसली. तिनं पत्र माझ्या हातून घेतलं, नीट घडी घालून पुन्हा डब्यात ठेवलं, आणि चहा टाकायला आत गेली. त्यानंतर मी कितीदा तरी लाखांदूरला गेलो. दर वेळी चहा पिऊन परत आलो. दोन वर्षांपूर्वी सिंधू गेली. आता चहा करणारंही कुणी नाही, आणि ऐकणारंही.

तर त्या दिवशी मी जे वाचलं ते कुणी कधी लिहिलंच नव्हतं, आणि जे लिहिलं होतं ते आजवर कुणी वाचलेलं नाही. त्यात तीनच वाक्यं होती, बाकी जागा मी खरंच मोठं अक्षर काढून भरली होती:

“सिंधू, तुझं नख मी कापलं आणि दोष तुझ्यावर ढकलला. बाबांना सांगतो म्हणालो, तेही सांगितलं नाही. मला माफ कर.”

आणि खाली सही करायची हिंमत तेव्हाही झाली नव्हती!